भुयाराचं दुसरं तोंड

आमच्या गावच्या गढीत भुयार आहे, आणि ते थेट औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाखाली निघतं. हे मला कुणी शिकवलं नाही. गावात जन्मलेल्या प्रत्येकाला ते माहीतच असतं. शेजारच्या गावच्या गढीचं भुयारही औंढ्यालाच निघतं, आणि जरा लांबच्या गढ्यांची देवगिरीला. सहावीत असताना मी आणि माझे दोन चुलत भाऊ बॅटरी घेऊन आत शिरलो होतो. वीसेक पावलं गेल्यावर छत ढासळून वाट बुजलेली. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली ओलसर माती आणि समोर दगडमातीचा ढीग. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही सांगितलं, की भुयार आहे, आम्ही आत जाऊन आलो, आणि ते औंढ्याला निघतं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी आम्ही बघितलेली नव्हती.

मागच्या महिन्यात बारावीतल्या एका मुलीने तास संपल्यावर मोबाइल माझ्यापुढं धरला. (मी वसमतला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते.) व्हिडिओत निळ्या-जांभळ्या भोवऱ्यातून यान चाललेलं आणि वर मोठ्या अक्षरांत, शास्त्रज्ञांनी वर्महोल तयार केला. "मॅडम, खरं आहे का?" मी म्हणाले, उद्या सांगते. त्या उद्याला आता तीन आठवडे झाले. मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या देता येईल असं हे उत्तर नाही, म्हणून इथं लिहितेय. तिने वाचावं, आणि ज्यांना तो व्हिडिओ आला असेल त्यांनीही.

आधी नावाचं बघू. १९५७ मध्ये चार्ल्स मिस्नर आणि जॉन व्हीलर यांनी वर्महोल हा शब्द वापरला. फळाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचं तर मुंगी सालीवरून वळसा घालते, अळी मात्र गरातून आरपार जाते. आपल्याकडचा पेरू डोळ्यांसमोर आणा, चित्र तेच आहे. मराठी पुस्तकांत कृमिविवर लिहितात. वर्गात मुलं वर्महोलच म्हणतात, मीही तेच म्हणते. पण हे चित्र एका ठिकाणी फसवतं. अळी गरातून जाते, भुयार मातीतून जातं. वर्महोल कशाच्याही आतून जात नाही. अवकाशच असं वळलेलं असतं की दूरची दोन ठिकाणं एका आखूड गळ्याने जोडलेली असतात. गळ्याच्या बाहेर गर नाही, माती नाही, काहीच नाही.

कागद दुमडून त्यातून पेन्सिल खुपसायची, हा प्रयोग सगळीकडे दाखवतात. मी तो वर्गात करत नाही. कागदाला पाडलेलं भोक कागदाच्या ताठपणामुळे उघडं राहतं, आणि खरा प्रश्न नेमका तोच आहे: भोक उघडं कशामुळे राहतं? पेन्सिलवाल्या प्रयोगात तो प्रश्न कुणाला पडतच नाही.

मला तो पडला २०१६ च्या उन्हाळ्यात, आमच्या विहिरीच्या काठावर.

ज्यांनी तो उन्हाळा मराठवाड्यात काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हेच वर्ष. आमच्या विहिरीने मार्चमध्येच तळ दाखवला होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आडवे बोअर मारायचं ठरवलं. दोन माणसं मशीन घेऊन विहिरीत उतरली आणि तळाशी भिंतीत चार दिशांना बोअर मारायला लागली. काळ्या पाषाणात बोअर कसा सुरेख गोल पडतो. पण मध्येच मांजऱ्या किंवा मऊ मुरूम लागला, की मागे पाडलेलं भोक पुन्हा मिटायला लागतं. मग ती माणसं घाईने पाइप, म्हणजे केसिंग, आत सारायची. मी सुट्टीला आलेले, काठावरच्या कडुलिंबाखाली बसून वाचत होते. फेब्रुवारीतच गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या लाटा, सापडल्याची घोषणा झाली होती आणि त्या नादात मी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरचं मिळेल ते वाचत सुटले होते.

"काय वाचायलीस गं?" आबांनी विचारलं. मी सांगितलं. इथं एक विहीर, तिथं लांब दुसरी विहीर, आणि दोघींना जोडणारा आडवा बोअर, फक्त आकाशात. आबांनी जरा वेळ खाली चाललेल्या कामाकडं बघितलं.

"मधीच ढासळंल की ते. केसिंग कशाची टाकत्यात?"

आबांना हा प्रश्न सुचला, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी एक बोअर ढासळत होता. भौतिकशास्त्रातही तो प्रश्न असाच, पण बराच उशिरा आला.

गुरुत्वाकर्षणाची आइन्स्टाइनची समीकरणं १९१५ ची. १९१६ मध्ये कार्ल श्वार्झशिल्ड यांनी त्यांचं पहिलं नेमकं उत्तर काढलं आणि त्याच वर्षी लुडविग फ्लाम यांनी त्याची भूमिती तपासली. १९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी दाखवलं, की या उत्तरातून अवकाशाचे दोन पदर जोडणारा एक पूल निघतो. त्या दोघांच्या मनात प्रवास-बिवास काही नव्हता. इलेक्ट्रॉनसारख्या कणाचं वर्णन शुद्ध भूमितीतून करता येईल का, एवढंच ते शोधत होते. कणाच्या बाबतीत ती कल्पना चालली नाही, पूल मात्र मागे उरला.

मग १९६२ मध्ये रॉबर्ट फुलर आणि व्हीलर यांनी त्या पुलाचं काळानुसार काय होतं ते मोजलं. गळा उघडतो, रुंद होतो आणि मिटतो, आणि हे इतक्या झपाट्याने होतं की एका तोंडातून शिरलेला प्रकाशकिरणसुद्धा दुसऱ्या तोंडापर्यंत पोचत नाही. प्रकाश पोचत नाही म्हणजे कुणीच पोचत नाही. आबांच्या भाषेत, मधीच ढासळतं. १९३५ ते १९६२, सत्तावीस वर्षं.

केसिंगचा प्रश्न त्यानंतर आला, आणि तोही एका कादंबरीमुळे. १९८५ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना आपल्या नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे पाठवायचं होतं. ते त्यांनी कृष्णविवरातून करून बघितलं आणि किप थोर्न या मित्राला मसुदा दाखवला. थोर्न म्हणाले, कृष्णविवरातून जाता येणार नाही, वर्महोल बघा. मग थोर्न आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल मॉरिस यांनी प्रश्न उलटा धरला: माणूस सुखरूप आरपार जाईल असा गळा हवा असेल तर त्यात काय भरावं लागेल? तो शोधनिबंध १९८८ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये आला, आणि त्याच्या शीर्षकातच लिहिलंय, की हे सामान्य सापेक्षता शिकवण्याचं साधन आहे. मी शिक्षिका आहे म्हणून असेल, पण या विषयावरचा सगळ्यांत महत्त्वाचा लेख विद्यार्थ्यांसाठी लिहिला गेला, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

त्यांचं उत्तर असं. गळा उघडा ठेवायला असं द्रव्य लागतं, की ज्याची ऊर्जा ऋण असेल. शून्याहून कमी.

हे का, ते कळायला आपल्याच देशातलं एक समीकरण लागतं. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये ते मांडलं. पुढं रॉजर पेनरोज यांनी कृष्णविवरांबद्दल जे सिद्ध केलं, ज्यासाठी २०२० चं नोबेल मिळालं, त्याच्या मुळाशी हेच समीकरण आहे. प्रकाशकिरणांची एक जुडी घ्या, मेथीची असते तशी. दगड, पाणी, तारे, आपण, अशा नेहमीच्या कुठल्याही द्रव्याजवळून ती गेली, की गुरुत्वाकर्षणाने आवळली जाते. नेहमीचं द्रव्य जुडी आवळतं, विस्कटत कधीच नाही. आता वर्महोलच्या तोंडात शिरताना किरण एकमेकांजवळ येणार आणि पलीकडं निघताना पुन्हा फाकणार. म्हणजे मधल्या गळ्यात जुडी फाकवणारं काहीतरी असायलाच हवं. धन ऊर्जा असलेलं काहीही ते काम करत नाही.

हे मी आबांना त्या दिवशी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगत होते. "ऋण ऊर्जा" म्हणाले आणि त्यांनी मला तिथंच थांबवलं.

"ऋण म्हंजे कर्ज ना? मग ते फेडावं लागत असंल की कधी तरी."

मी म्हणाले, आबा, इथं ऋणचा अर्थ तो नाही, उणे म्हणजे ऋण. आणि गप्प बसले, कारण मला पुढचं तेव्हा माहीत नव्हतं. दोनेक वर्षांनी वाचनात आलं, की लॅरी फोर्ड आणि थॉमस रोमन यांनी जवळजवळ हेच गणिताने दाखवलंय. पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम भौतिकी, ऋण ऊर्जा देते. १९४८ मध्ये हेंड्रिक कॅसिमिर यांनी भाकीत केलं, की निर्वातात दोन धातूचे पत्रे अगदी जवळ ठेवले तर ते आपोआप एकमेकांकडं ओढले जातील, कारण त्यांच्यामधल्या पोकळीतली ऊर्जा बाहेरच्या पोकळीपेक्षा कमी असते. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी ते बारकाईने मोजलं. म्हणजे ऋण ऊर्जा ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. पण मिळते किती? पत्र्यांमध्ये एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, अंतर असेल तर ओढीचा दाब हवेच्या दाबाच्या कोट्यवधींव्या हिश्शाइतका.

आणि अटी आहेत. फोर्ड आणि रोमन यांचं म्हणणं असं, की ऋण ऊर्जा जितकी मोठी, तितकी ती वापरायची मुदत कमी. तिच्या पाठोपाठ धन ऊर्जा यावीच लागते, आणि फेडायला जितका उशीर, तितकी जास्त. या जादा रकमेला त्यांनी व्याज हाच शब्द वापरलाय, पुंजव्याज. पीककर्ज काढून बसलेल्या कुठल्याही घरात हे समजावून सांगावं लागणार नाही. मी आबांना फोन केला आणि सांगितलं, तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "व्याजाबिगर कोण देतंय."

आता हिशेब. एक मीटर त्रिज्येचा गळा उघडा ठेवायचा, म्हणजे एक माणूस वाकून जाईल एवढा, तर त्याला सुमारे गुरू ग्रहाच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा लागते, आणि तीही ऋण. फोर्ड-रोमन यांच्या अटी लावल्या तर ती गळ्याभोवती एका पट्ट्यात कोंबावी लागते, आणि त्या पट्ट्याची जाडी प्रोटॉनच्या आकाराच्या दहा लाखांव्या हिश्शाहून जास्त चालत नाही. कॅसिमिरच्या पत्र्यांतून मिळणारी चिमूट कुठं आणि हे कुठं. १९८८ पासून आजपर्यंत कुणाला ही दरी बुजवता आलेली नाही, आणि प्रयत्न करणारी माणसं कमी हुशार नव्हती.

काळप्रवासाचं थोडक्यात सांगते, कारण मुलं ते हमखास विचारतात. वर्महोलचं एक तोंड वेगाने फिरवून आणलं तर दोन तोंडांच्या घड्याळांत फरक पडतो आणि भूतकाळात जायची वाट तयार होते, हेही मॉरिस, थोर्न आणि उल्वी युर्टसेव्हर यांनी १९८८ मध्येच दाखवलं. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये अंदाज मांडला, की निसर्ग असं होऊ देत नसावा. तो सिद्ध झालेला नाही. मला तो पटतो.

मग त्या व्हिडिओतलं काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग छापून आला. गुगलच्या सिकॅमोर या क्वांटम संगणकावर नऊ क्यूबिट (अशा संगणकातले माहितीचे मूळ घटक) वापरून एक गणना केली होती. त्याची पार्श्वभूमी अशी, की २०१३ मध्ये हुआन माल्डासेना आणि लिओनार्ड ससकिंड यांनी सुचवलं, की दोन दूरच्या कणांमधलं पुंजगुंतागुंतीचं नातं (ज्यात एकाचं मोजमाप दुसऱ्याच्या मोजमापाशी बांधलेलं असतं) आणि आइन्स्टाइन-रोझेन पूल या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असाव्यात. त्या विचाराच्या पुढच्या गणितात काही क्वांटम प्रणालींचं वागणं वर्महोलच्या गणिताशी तंतोतंत जुळतं. नऊ क्यूबिटवर जे झालं ते त्या जुळणीचं एक छोटं प्रात्यक्षिक. अवकाशाला भोक पडलं नाही, काही कुठून कुठं गेलं नाही. शिवाय थोड्याच महिन्यांत इतर भौतिकशास्त्रज्ञांनी हरकत घेतली, की एवढ्या छोट्या गणनेत वर्महोलची खूण म्हणावी असं काही दिसत नाही. मूळ संशोधकांनी त्यावर उत्तर दिलं, वाद चालला. हा वाद विज्ञानाचा आहे आणि चांगला आहे. पण व्हिडिओत वाद नव्हता, यान होतं.

याच वाटेवर २०१८ मध्ये माल्डासेना आणि दोन सहकाऱ्यांनी आरपार जाता येईल असा एक गळा गणिताने रचून दाखवला, आणि तो मला फार आवडतो. कारण त्यातून जायला बाहेरून वळसा घालून जाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. वाट आहे, पण जवळची नाही. समीकरणांनी बहुधा एवढीच परवानगी दिली असावी.

तर, आहेत की नाहीत? समीकरणांत बसतात. कुणीही, कुठंही, एकही बघितलेला नाही. माणूस जाईल एवढे असतील असं मला वाटत नाही, आणि ते मी वर्गात माझं मत म्हणून सांगते, माहिती म्हणून नाही. "गणितात बसतं" आणि "आहे" यांमधली फट माझ्या मुलांना दिसावी, एवढ्यासाठी मी हा विषय पुन्हा पुन्हा काढते. गढीच्या भुयाराबद्दल मी सहावीत जे बोलले, ते पुन्हा बोलायचं नाहीये.

पण बघायचं तरी कसं? आत न जाता? याचं उत्तर मला पुन्हा त्याच उन्हाळ्याने दिलं. आमचा चौथा बोअर पूर्वेला गेला होता, काकांच्या विहिरीच्या दिशेने. चार दिवसांनी काकांनी मोटार लावली आणि आमच्या विहिरीतलं पाणी उतरायला लागलं. मोटार बंद केली की ते हळूहळू चढायचं. आबांनी भिंतीवर खडूने खुणा केल्या, दोन दिवस बघितलं आणि म्हणाले, "लागला ह्यो त्येच्या झऱ्याला." मग लाकडाचा बोंडा ठोकून त्यांनी तो बोअर बंद केला आणि काकांना जाऊन सांगितलं. बोअरमध्ये कुणी शिरलं नव्हतं. या तोंडाशी पाण्याची पातळी बघून त्या तोंडाचा पत्ता लागला होता.

२०१९ मध्ये दे-चांग दाई आणि देयान स्टोइकोविच यांनी मांडलेली युक्ती अगदी हीच आहे. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे आणि एस-२ नावाचा तारा त्याच्याभोवती साधारण १६ वर्षांत एक फेरी मारतो. समजा तिथं खरं तर वर्महोलचं तोंड असेल, तर पलीकडच्या बाजूला फिरणाऱ्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण गळ्यातून थोडं अलीकडं झिरपेल आणि एस-२ च्या वाटेत बारीकसा फरक पडेल. पलीकडं मोटार चालली तर इकडचं पाणी हलणार. आजच्या मोजमापांची अचूकता तेवढी नाही, पण खडूच्या खुणा करणं चालू आहे.

दुसरी युक्ती आवाजाची. लहानपणी आम्ही विहिरीत वाकून हाक मारायचो. पाण्यावर आदळून ती परत यायची. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की नवं कृष्णविवर घंटेसारखं थरथरतं आणि तो गुरुत्वलहरींतला नाद चटकन विरतो. हे विरणं कसं असेल ते १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा या भारतीय शास्त्रज्ञाने मांडलं होतं. कृष्णविवरातून हाक परत येत नाही. पण त्या जागी गळा असेल, तर आत गेलेल्या लहरींचा काही भाग पलीकडच्या बाजूवर आपटून परत येईल आणि मुख्य नादानंतर क्षीण प्रतिध्वनी उमटतील. कार्दोसो, फ्रँझिन आणि पानी यांनी २०१६ मध्ये हे दाखवलं. तेव्हापासून लायगोच्या, म्हणजे गुरुत्वलहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या यंत्रांच्या, नोंदी चाळल्या जातायत. खात्रीचा प्रतिध्वनी अजून मिळालेला नाही.

आणि ही हाक ऐकणारं एक यंत्र औंढ्याजवळ होणार आहे. लायगो-इंडिया. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर, आत निर्वात, त्यातून लेझर. प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाइतका लांबीतला फरक अशी यंत्रं टिपतात. आमच्या गढीचं भुयार जिथं निघतं म्हणतात, त्याच औंढ्याजवळ. माझ्या विद्यार्थिनीला मी हे सगळ्यांत शेवटी सांगणार आहे, कारण हे ऐकलं की ती बाकीचं विसरेल, आणि तिने बाकीचंही लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

परवा आबांना हे सांगितलं. आता ते ७४ वर्षांचे आहेत, विहिरीवर रोज जातात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चार किलोमीटर नळी, आत हवा नाही. बाहेरून दाबून चेपंल की. केसिंग कशाची?"

मी म्हणाले, अमेरिकेतल्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत. सव्वा मीटर रुंद, पत्रा फक्त तीन मिलिमीटर.

"तीन?"

"बाहेरून ठरावीक अंतरावर कड्या बसवल्यात, आबा. विहिरीला रिंगा टाकतो तशा."

"मग ठीकाय," आबा म्हणाले. "रिंगा असल्या तर नाई ढासळायची."